गोळीची परीक्षा आणि अनर्थदंड



२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपल्या महिला मंडळातही कौतुक झाले होते. २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने याच अंतराच्या नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद जिंकले होते. ती रायफल पॉइंट बावीसची. गोळीची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, समोर निर्जीव लक्ष्य. नेम धरायला चित्त स्थिर लागते, श्वास आवरावा लागतो. तेव्हा आज जे लिहिते आहे ते बंदुकीच्या खेळाविरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

जवळजवळ तेवढ्याच जाडीची, पण कितीतरी जास्त दारू भरलेली आणि सेकंदाला तीन हजार फुटांहून अधिक वेगाने जाणारी गोळी अमेरिकेत कायोटी मारायला वापरतात. कायोटी म्हणजे आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला प्राणी, वजन साधारण दहा-पंधरा किलो. तिकडच्या बहुतेक राज्यांत त्याला वर्षभर मारता येते. आणि हौशी लोक नव्या गोळ्या कशा चालतात हे त्याच्यावर करून बघतात. माझ्या जावेचा नातू तिकडे नोकरीला आहे. ऑफिसच्या मित्रांबरोबर तो गेला आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिले होते, ‘नवीन गोळीची टेस्ट, फुल पास.’ त्यावर अकरा अंगठे आले. त्यातले दोन नवपदाची ओळी करणाऱ्यांचे. चाप त्याने ओढला नव्हता, हे त्याच्या आजीने मला दोनदा सांगितले.

मी थोडी माहिती काढली. ही गोळी तीन-साडेतीन ग्रॅमची असते, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आत शिसे, वर तांब्याचे पातळ वेष्टण. शरीरात शिरताच ती फुटून तिचे तुकडे व्हावेत अशीच घडवलेली असते. तुकडे आतच राहिले की पलीकडून मोठे भोक पडत नाही आणि कातडे विकण्याजोगे राहते. वेष्टण जास्त पातळ झाले तर गोळी वरच्यावर फुटते. जास्त जाड झाले तर न फुटता आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. ही मधली जागा शोधायची, म्हणून परीक्षा.

करणारे म्हणतात, यात दयाच आहे, चांगली गोळी सापडली की जनावर तडफडत नाही. हे मी हसण्यावारी नेणार नाही. मारायचेच ठरले असेल तर क्षणात मारणे बरे, हे कोणीही मान्य करील. पण परीक्षा म्हटली की कोणीतरी नापास होणारच. गोळी नापास झाली, याचा अर्थ एक कायोटी आतडी फाटून झुडपात गेला आणि रात्रभर तिथे पडून राहिला. त्याचा फोटो ग्रुपवर येत नाही. चांगली गोळी कोणती ते कळावे म्हणून वाईट गोळीही जिवंत अंगावरच मारून बघायची, याला दया म्हणणे मला जमत नाही.

शिवाय त्याची गरजही नाही. गोळी तपासायला जिलेटिनचे ठोकळे वापरतात, मांसासारखे घट्ट. गोळी किती खोल गेली, कुठे फुटली, सगळे त्यात दिसते. आता तुम्ही म्हणाल, जिलेटिन! ते तर हाडा-कातड्याचे, आपण जेलीच्या पाकिटावर नाव वाचले तरी परत ठेवतो. खरे आहे. पण खनिज तेलापासून केलेले पारदर्शक ठोकळेही मिळतात, आणि काही जण ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावरसुद्धा तपासतात. आपल्या नगरजवळ के. के. रेंजवर लष्कर रणगाड्यांच्या तोफांचा सराव करते, तोही निर्जीव लक्ष्यांवरच.

आणखी एक गोष्ट वाचून मी थांबले. शरीरात फुटणारी गोळी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी केली, तिचे नावच दमदम गोळी पडले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असे ठरले, कारण त्यांनी होणारी जखम फार क्रूर. शत्रूच्या सैनिकाला जी गोळी नको, ती कोल्ह्या-लांडग्याला चालते.

इथे शेतकऱ्याचे काय, हा प्रश्न येतोच. तिकडे कायोटी मेंढरे नेतो, इकडे लांडगा धनगराचे कोकरू नेतो. आपल्या जिल्ह्याला तर बिबट्या नवा नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पाथर्डी तालुक्यात, आचार्य आनंदऋषीजींच्या जन्मभूमीत, बिबट्याने लहान मुले उचलून नेली. त्याच डिसेंबरात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या आईचे मूल गेले तिला मी अहिंसा सांगायला जाणार नाही. १९७२ चा वन्यजीव कायदाही माणसाच्या जिवाला धोका असेल तर, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने अशी परवानगी देतो. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी, संकल्पी. करमाळ्याची गोळी विरोधीत बसेल. तिचेही कर्म बांधले जाते, पण श्रावकाला ती पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्राने ओळखले आहे. कायोटीची परीक्षा मात्र सरळ संकल्पी आहे. मेंढरू कोणाचे गेले नव्हते, मूलही गेले नव्हते. गाडी काढून, डबा घेऊन, पन्नास मैल दूर जाऊन तो जीव शोधला होता.

मी कॉमर्सची, म्हणून मला आठवे व्रत नेहमी जवळचे वाटते. अनर्थदंड म्हणजे ज्याला कुठल्याच खात्यात जागा नाही असा खर्च. स्वयंपाकात, शेतीत, धंद्यात जीव जातात, ते कशासाठी गेले हे तरी लिहिता येते. इथे त्या रकान्यात काय लिहायचे? ‘मजा’?

अंगठ्याचे म्हणाल तर, श्रावकाचे पहिले व्रत दोन करण तीन योगाचे असते. करणार नाही, करवणार नाही, एवढेच आपण घेतो. अनुमोदनेचे पच्चक्खाण आपल्याला नाही, असे एक काकी मला ऐकवूनही गेल्या. सूट आहे हे कबूल. पण ती घरातून न निघता, चहा पिता पिता, सवयीने वापरली जाते, तेव्हा तिकडच्या पोराला वाटते की घरच्यांना हे आवडले.

ग्रुपवर मी काही लिहिले नाही, चारचौघांत त्याला खाली बघायला लावायचे नव्हते. रविवारी फोन केला. नापास गोळ्यांचे काय होते, एवढेच विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आजी, एक सापडलाच नाही, अंधार झाला होता.’ तिथे कागदी निशाणांचा क्लबही आहे म्हणे, पुढच्या महिन्यापासून तिकडे जाईन म्हणाला. जातो का ते बघू.