पेरणारा वेगळा, वेचणारा वेगळा

परभणीला ना परदेशाची सीमा, ना समुद्र. त्यामुळे युद्धात पेरलेले सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब कोणी काढायचे, हा विषय इथे काढला की टोला ठरलेला: इथे कापसाला भाव नाही आणि तुम्ही कंबोडियाचं काय घेऊन बसलात? टोला बिनतोड वाटतो, पण तो खोडायला कंबोडियापर्यंत जावे लागत नाही. वर्धा जिल्ह्यातले पुलगाव पुरे.

३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले जवान बरेच होते. चौकशीत बोट गेले ते रणगाडाविरोधी सुरुंगांमधून झिरपणाऱ्या टीएनटीकडे. हे सुरुंग शत्रूने पेरलेले नव्हते. ते आपल्याच गोदामात रचून ठेवलेले होते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच सोनेगाव (आबाजी) येथे मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. माल जबलपूरच्या खमरिया कारखान्यातला. पेट्या उतरवायला मात्र आसपासच्या खेड्यांतले रोजंदार. गंगाखेड-सोनपेठकडून दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही: जोखमीचे काम त्याच्याच वाट्याला येते, ज्याला नाही म्हणणे परवडत नाही. शस्त्र बनवतो एक, वापरतो दुसरा आणि उचलतो तिसराच. माझा वाद या वाटणीशी आहे. देशादेशांतही ती तशीच चालते.

तिचे समर्थन करणारे म्हणतात, ज्याची जमीन त्याने साफ करावी. दुर्दैव असे की कायदाही बराचसा हेच म्हणतो. १९९७ च्या ओटावा कराराने माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घातली, पण दहा वर्षांत सफाई करण्याचे बंधन टाकले ते सुरुंग ज्याच्या भूमीत आहेत त्या देशावर. पेरणारा कोण, हे कलम विचारतच नाही. पारंपरिक शस्त्रांवरच्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय कराराचा २००३ चा पाचवा प्रोटोकॉल खास युद्धातल्या स्फोटक अवशेषांसाठी झाला आणि भारत त्याचा सदस्य आहे. त्यात शस्त्रे वापरणाऱ्यावर मदतीची जबाबदारी आहे खरी. पण ‘शक्य असेल तेथे’ एवढ्या तीन शब्दांनी ती पोकळ केली आहे. कारखान्याने ओढ्यात मळी सोडली तर खालच्या गावाला आपण ओढा उपसायला लावत नाही. लाओसला मात्र नेमके तेच सांगितले जाते. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधले सुमारे २७ कोटी लहान गोळे तिथे विखुरले आणि अंदाजे दहातले तीन फुटलेच नाहीत. २०१६ मध्ये ओबामा तिथे गेले, नैतिक बांधिलकीची भाषा बोलले आणि तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलर जाहीर केले. रक्कम छोटी नव्हे, पण ती मदत होती. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि अनेक देशांतली सुरुंग काढणारी पथके हात बांधून बसली. जबाबदारी कायद्याने अंगावर असती तर ती अशी एका आदेशाने गोठली नसती.

दुसरा आक्षेप असा की युद्धाच्या धांदलीत कोणाचा किती माल, हा हिशेब लागत नाही. लावायचा असेल तर लागतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, सोबत कापसाच्या गाठी. ढिगारा उपसायला आठ हजार माणसे सात महिने लागली, आणि परक्या सरकारनेही खास वटहुकूम काढून नुकसानभरपाईची व्यवस्था केली. १९४४ मध्ये जे जमले ते आज नकाशे, उपग्रह आणि संगणक हाताशी असताना जमत नाही, हे मी मानायला तयार नाही.

तिसरा आक्षेप देशभक्तीचा आहे, म्हणून तो टाळू नये. भारताने ओटावा करारावर सही केलेली नाही. लांब सीमा राखायची तर सुरुंग लागतात, असे सांगितले जाते. २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनीही करारातून बाहेर पडण्याचे ठरवले. हा युक्तिवाद क्षणभर मान्य करू. पण ज्याला पेरण्याचा हक्क हवा त्याच्यावर काढण्याची सक्ती अधिक कडक हवी, कमी नव्हे. २००१-०२ च्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये पाकिस्तान सीमेवर सुमारे वीस लाख सुरुंग पेरल्याचा अंदाज आहे, तेही पंजाब-राजस्थानच्या शेतांत. ते काढले आपल्याच सैन्याने, जवानांच्या जिवाची किंमत देऊन. श्रीलंकेतले सुरुंग काढायला माजी सैनिकांच्या भारतीय पथकांना पैसा भारत सरकारने दिला. म्हणजे जे तत्त्व आपण प्रत्यक्ष पाळतो ते जगासमोर ठामपणे मांडत मात्र नाही.

आणि हा विषय मराठी माणसाला नवा कुठे आहे? १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीत सेनियो नदीकाठी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून आणले. त्या दिवशीच्या शौर्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

‘शक्य असेल तेथे’ हे शब्द त्या प्रोटोकॉलमधून काढा, अशी दुरुस्ती भारताने मांडावी. दारूगोळा विकणाऱ्या देशांकडून विक्रीच्या प्रमाणात सफाईचा निधी सक्तीने घ्यावा. आणि घरात सोनेगावसारख्या ठिकाणी प्रशिक्षण, विमा आणि संरक्षक साधने यांशिवाय एकाही रोजंदाराचा हात स्फोटकांच्या पेटीला लागू देऊ नये. परभणीच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात यातला निदान शेवटचा मुद्दा तरी लेखी प्रश्न म्हणून विचारावा. त्याला सीमा लागत नाही.