चौक कुणाचा, गाळा कुणाचा?

दिवाळी सरली की आपल्या किनाऱ्यावर प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. सुरूच्या झाडांखाली मांडव उभे राहतात, बांबूच्या कमानी लागतात, शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात. लोणची-पापड, टोपल्या, मातीची भांडी, चित्रे काढलेल्या किटल्या आणि कापडी पिशव्या यांच्यामधून माणसे हिंडतात, कौतुक करतात, थोडी घासाघीस करून काहीतरी विकत घेतात आणि सूर्यास्त बघायला वाळूत उतरतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते : महिलांच्या कलागुणांना व्यासपीठ मिळाले.

या ‘व्यासपीठ’ शब्दाकडे जरा निरखून बघितले पाहिजे. सभेत व्यासपीठावर कोण बसते आणि सतरंज्या कोण घालते, हा प्रश्न आपण चळवळीत नेहमी विचारतो. प्रदर्शनाच्या गाळ्यालाही तो विचारायला हवा.

यंदाच्या थंडीत आमच्या गटातल्या आम्ही चौघीजणी बोर्डीला गेलो होतो. घोलवड स्टेशनात उतरून चिकूच्या वाड्या ओलांडल्या की समुद्र लागतो. पालघर जिल्ह्याचे हे उत्तरेचे टोक, पुढे लगेच गुजरात. बोर्डीला २०१३ साली चिकू महोत्सव सुरू झाला, २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही पाहिले ते मात्र त्या महोत्सवाहून लहान, आसपासच्या कारागिरांचे उघड्यावरचे प्रदर्शन होते. गाळे तीस-पस्तीस, आणि त्यातले निम्म्याहून अधिक वारली चित्रांचे.

वारली चित्रे आज ठाऊक नाहीत असे घर शहरात सापडणार नाही. पडद्यांवर, चादरींवर, हॉटेलांच्या भिंतींवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवरही ती असतात. पण ही चित्रे मुळात कोण काढत होते हे किती जणांना ठाऊक आहे? वारली समाजात लग्न ठरले की घराची आतली भिंत शेणाने सारवून, गेरू लावून तयार करतात. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने तिच्यावर लग्नचौक लिहितात. मधोमध पालघट देवी, भोवती झाडे, जनावरे, माणसे. हा चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. लग्नाचे विधी गाऊन पार पाडते ती धवलेरी, म्हणजे तीही बाईच. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. एका अख्ख्या समाजाच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाची किल्ली अशी बायकांच्या हातात होती.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्यासारखे लोक डहाणूच्या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग आणले, आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीच्या बाहेर पडून रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्र काढायला सुरुवात केली. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांची प्रतिभा मोठी होती, त्याबद्दल वाद नाही. आपला प्रश्न एका कलावंताबद्दल नाही, त्याच्या मागोमाग जे घडले त्याबद्दल आहे. चित्राला पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली तसतसे ते पुरुषांचे काम होत गेले. शहरात जाणे, दलालाशी बोलणे, विमानाने परदेशी प्रदर्शनाला जाणे, कागदाच्या कोपऱ्यात सही करणे, हे सगळे ज्याला घराबाहेर पडता येते त्याच्या वाट्याला आले. ज्या हातांत चौकाचा मान होता ते हात मागे राहिले. बायका चित्र काढायच्या थांबल्या नाहीत. त्यांचे काढणे ‘मदत’ झाले.

बोर्डीच्या प्रदर्शनात आम्ही ही ‘मदत’ जवळून पाहिली. एका गाळ्यावर पाटी होती पुरुषाच्या नावाची. पुढे तो गिऱ्हाइकांशी बोलत होता, मागे चटईवर बसून त्याची बायको मोठ्या कापडावर झाडाची पाने भरत होती. एकेक पान म्हणजे काडीचे दोन-तीन बारीक फटकारे, आणि झाडाला अशी शेकडो पाने. “मावशी, हे चित्र कुणाचं?” असे विचारल्यावर त्यांनी मान वर न करता नवऱ्याकडे बोट दाखवले. “आणि ही पानं?” “ती मी भरते. घरचंच काम आहे.”

पलीकडच्या गाळ्यावर एक तरुण मुलगी एकटी होती. गाळा एका व्यापाऱ्याचा, ती त्याच्यासाठी काम करते. तिने काढलेल्या एका कापडाची किंमत चिठ्ठीवर अठराशे रुपये होती. तिला त्याचे किती मिळतात? तीनशे. किती दिवस लागतात? घरचे सगळे आवरून बसते, तीन दिवस. हिशेब तिनेच आम्हाला सांगितला, तक्रारीचा सूरही लावला नाही. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे माती उचलणाऱ्या बाईच्या एका दिवसाच्या मजुरीएवढेही या चित्रकार मुलीला तीन दिवसांत मिळत नाहीत. आणि लोक मात्र तिला म्हणतात, घरबसल्या चांगली कमाई आहे की तुझी!

हा ‘घरबसल्या’ शब्द बायकांच्या मजुरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. घरी बसून केलेले काम म्हणजे रिकाम्या वेळातले काम, असा त्याचा अर्थ. हा रिकामा वेळ कुठून येतो? २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्त्रिया घरातल्या बिनपगारी कामासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे आढळले. पाच तास घरकाम उपसून उरलेल्या वेळात डोळे ताणून केलेल्या कामाला ‘रिकाम्या वेळचा छंद’ म्हणायचे आणि त्याप्रमाणे दाम द्यायचे, ही उघड लूट आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या गणनेप्रमाणे देशात सुमारे ६९ लाख हस्तकला कारागीर आहेत आणि त्यांत निम्म्याहून जास्त, जवळपास ५६ टक्के, स्त्रिया आहेत. तरीही ‘कारागीर’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष येतो, आणि बाई येते ती त्याच्या मागे चटईवर.

ज्या पट्ट्यात आपण उभ्या होतो त्याचा इतिहासही विसरता येणार नाही. १९४५ साली याच भागातल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्या वेळी ‘लग्नगडी’ नावाची रीत होती. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. कर्ज नवऱ्याच्या नावावर, राबणूक दोघांची. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक लिहिला जाई, त्याच लग्नाने बाईला वेठीला बांधले जाई. ती वेठ उठावाने मोडली. पण बाईची राबणूक आणि पुरुषाचे नाव ही जोडी अजून मोडलेली नाही. ती गाळ्याच्या पाटीवर वाचता येते.

परतताना आमच्यात बराच वाद झाला. एका मैत्रिणीचे म्हणणे असे की, सही, नाव, मालकी या कल्पना आपल्या शहरी मध्यमवर्गीय डोक्यातल्या आहेत. आदिवासींच्या चित्राला कधी सही नव्हती, ते सगळ्यांचे होते. आपण तिथे जाऊन ‘नाव कुणाचे’ असे विचारणे म्हणजे त्यांच्या घरात भांडण लावणे. तिचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. बाहेरून येऊन आदिवासी बाईला तिच्या भल्याचे शिकवणाऱ्या लोकांची या भागात कधीच वाण नव्हती, आपण त्यांत भर घालू नये.

पण लग्नचौकाला सही नव्हती, कारण तो विकला जात नव्हता. चित्र बाजारात आले त्या दिवसापासून त्यावर कुणाचे ना कुणाचे नाव पडतेच : चित्रकाराचे, व्यापाऱ्याचे किंवा दुकानाचे. तेव्हा नाव असावे की नसावे ही निवड आता उरलेली नाही. कुणाचे असावे, एवढाच प्रश्न आहे. दुसरे असे की, परंपरेत सगळेच गोड होते असेही नाही. चौकाचा मान सवासिनीचा, म्हणजे नवरा गेलेल्या बाईला तो नव्हता. आज कागदावर, कापडावर चित्र काढायला कुणी कुंकू विचारत नाही. एकट्या बाईला हे काम पोट भरायला उपयोगी पडू शकते. बाजाराने दिलेली ही वाट बंद करावी असे कुणीच म्हणणार नाही. त्या वाटेवर तिला पुरे दाम मिळावे, एवढेच म्हणणे आहे.

मग आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट कागदांची. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. सरकारी मेळावे आणि योजनांसाठी ते मागतात. ते व्यक्तीला मिळते, कुटुंबाला नाही. घरात दोघे चित्र काढत असतील तर दोघांची दोन ओळखपत्रे हवीत. तसेच वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याखाली प्रत्येक चित्रकाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करता येते. २०२० साली या नोंदीचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले. दहा रुपयांत बाईचे नाव सरकारी नोंदवहीत चित्रकार म्हणून लागते, ‘अमक्याची पत्नी’ म्हणून नाही. अर्ज भरणे किचकट असते हे खरे, पण अर्ज भरून देणे हे तर आपल्या गटांचे रोजचेच काम आहे. रेशनकार्डासाठी, पेन्शनसाठी आपण ते करतोच.

दुसरी गोष्ट प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे मागायची. गाळ्याची नोंद काम करणाऱ्या बाईच्या नावे व्हावी. वस्तूवर किमतीच्या चिठ्ठीबरोबर करणारीचे नाव आणि गाव असावे. दोघांनी मिळून केलेले असेल तर दोघांची नावे लिहावीत. उघड्या मैदानात रात्रीपर्यंत बसायचे तर स्वच्छ, उजेड असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहे हवीत, आणि शेवटची बस गेल्यावर पाड्यावर परतायला गाडी हवी. या सोयी नसतात तेव्हा बाई घरी राहते आणि पाटीवर पुरुषाचे नाव लागते. आपण म्हणतो, ती पुढे येत नाही.

पाळणाघराची मागणीही याच यादीत हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली याच बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर, अंगणात नेऊ, असे त्या म्हणाल्या आणि तसे करून दाखवले. त्यांच्या गावात तीन दिवसांच्या प्रदर्शनात एक तंबू मुलांसाठी राखून ठेवणे अवघड नसावे. गाळ्याखाली पोत्यावर झोपलेले मूल ‘किती गोड’ म्हणून फोटो काढण्यासाठी नसते. त्याच्या आईला दुसरी जागा मिळालेली नसते.

तिसरी गोष्ट आपल्याच घरची. आठ मार्चला, संक्रांतीला, दिवाळीच्या आधी आपल्या संघटना आणि बचत गटही विक्री भरवतात. तिथे प्रत्येक वस्तूमागे एक साधा हिशेब लावावा : कच्चा माल किती, तास किती, तासाला दर किती, वाहतूक आणि गाळ्याचा खर्च किती. तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लिहून ठेवावा. घासाघीस करणाऱ्या ताईने मग ठरवावे की यातला कुठला आकडा तिला कमी करायचा आहे. तासांचा दर किमान वेतनाच्या खाली जात असेल, तर वस्तूची किंमत वाढवायची की नक्षी साधी करायची, हे करणारीने स्वतः ठरवावे. गटाच्या बैठकीत एकदा हा हिशेब मांडून बघा. आपल्या श्रमाचे तास मोजायची सवय नसते, त्यामुळे सुरुवातीला बायका हसतात. तास मोजून झाले की गप्प होतात, आणि त्यानंतर जी चर्चा सुरू होते ती ऐकण्यासारखी असते.

पुढच्या अंकासाठी वाचक मैत्रिणींना एक विनंती आहे. तुमच्या भागात बायका जी वस्तू बनवतात अशी एकच निवडा. गोधडी, टोपली, पैठणी, केरसुणी, विडी, काहीही चालेल. ती करायला किती तास लागतात, करणारीला काय मिळते, बाजारात ती कितीला विकली जाते आणि तिच्यावर नाव कुणाचे असते, एवढे तिलाच विचारून आम्हाला लिहून पाठवा. करणारीचे नाव छापायचे की नाही, हेही तिलाच विचारा. आलेले हिशेब आपण एकत्र छापू आणि येत्या हंगामाआधी प्रदर्शने भरवणाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू.