एक कडी काढून दे

गणपती उरकले की कोकणच्या किनाऱ्यांवर आणि लोणावळा-पाचगणीच्या माळांवर एटीव्ही ताडपत्रीखालून बाहेर निघतात. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी, तोंडावर आलेला दिवाळीचा सीझन आणि मालकाचा ठरलेला फोन: ‘चेन वाजतेय, एक कडी काढून दे.’ आपल्यातले बरेच जण ती काढून देतात. पिन ठोकायची, दोन कड्या उडवायच्या (एक आतली, एक बाहेरची, कारण एकच काढली तर जोड बसत नाही), लॉक मारायचं, गाडी रवाना. आमच्या मते हे काम आता बंद झालं पाहिजे.

चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या आतल्या पिना आणि बुश. प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी होते आणि सगळ्या सांध्यांची मिळून चेन लोंबते. म्हणजे बिघाड प्रत्येक कडीत आहे. दोन कड्या काढल्या की एकूण लांबी कमी होते, पण उरलेल्या कड्यांचं पिनेपासून पिनेचं अंतर वाढलेलंच राहतं. सॉकेटचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात मूळ अंतराला कापलेले असतात. वाढलेल्या अंतराची चेन दातांच्या बुडाशी न बसता वर चढत जाते आणि शेवटी उडी मारते.

स्टीलची पट्टी घेऊन मोजून पाहा. 520 नंबरच्या चेनचा पिच 15.875 मिमी, म्हणजे ताणून धरलेल्या वीस कड्यांचं माप नवेपणी 317.5 मिमी भरतं. या मापासाठी पिना एकवीस मोजायच्या; इथे हटकून घोळ होतो. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये याच पिचच्या चेनसाठी मर्यादा दिलेली असते 319.4 मिमी. दोन मिमीसुद्धा नाही! आपल्याकडे कडी काढायला येणारी चेन ही रेघ कधीच ओलांडून आलेली असते. छोट्या गाड्यांवरच्या 428 ला वीस कड्या 254 मिमी. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, आणि सर्वांत वाईट माप खरं धरा.

नंबरावरून आणखी एक. 420 आणि 428 यांचा पिच एकच, 12.7 मिमी, फरक रुंदीचा, आतून 6.35 आणि 7.94. म्हणून 420 च्या सॉकेटवर 428 ची चेन चढते, आणि ‘बसली की’ म्हणून गाडी दिली जाते. ती दातांवर आडवी हलत राहते. जुन्या चेनवरचा नंबर पुसला असेल तर रोलरजवळची रुंदी व्हर्नियरने घ्या. मोटरसायकलची चेन टाकायला हरकत नाही, नंबर मात्र तोच हवा.

सॉकेटचे दात माशाच्या गळासारखे एका बाजूला वळले असतील तर त्यांच्यावर नवी चेन घालणं म्हणजे मालकाचे पैसे वाळूत टाकणं. चेन आणि दोन्ही सॉकेट एकत्रच बदला. याच सीझनमध्ये सॉकेट नवे पडले असतील आणि चेन दगड लागून तुटली असेल, तर तेवढ्यापुरती नुसती चेन चालेल. एरवी नाही.

मोटरसायकलवर हात बसलेल्याची फसगत होते ती पुढे, ताण धरताना. एटीव्हीचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध. बहुतेक गाड्यांत डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. वळताना एका टायरला घसरावंच लागतं. वाळूत तो सहज घसरतो. कडक मुरमावर घसरत नाही, आणि तो हिसका चेनवर येतो. म्हणून माळावरच्या ट्रॅकची गाडी किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं चेन खाते. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सल गोल कॅरियरमध्ये बसवलेला असतो. त्याचे आवळणीचे बोल्ट ढिले करून कॅरियर फिरवला की चेन ताणली जाते. जॅकवर, चाकं लोंबत असताना ताण धरू नका. पुढचं सॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. गाडीवर माणूस बसवून त्या जागी थोडी ढील उरते का ते बघा. लोंबत्या गाडीत कडक केलेली चेन पहिल्या खड्ड्यात पुढच्या शाफ्टचं बेअरिंग आणि त्याचं ऑइलसील ओढून घेते, आणि मग मालक इंजिनाचं ऑइल गळतं म्हणून परत येतो.

लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला. वरच्या बाजूला चेन मागून पुढे येते, म्हणून क्लिप वर असताना बंद टोक इंजिनाकडे. रिव्हर्स असला तरी नियम पुढच्या चालीचाच. भाड्याच्या गाड्या दिवसभर पुढे-मागे होतात. तिथे आम्ही रिव्हेटचं लॉक सुचवू, तेही प्रेसनं दाबलेलं, हातोडीनं नव्हे.

जळकं ऑइल चेनवर ओतणं थांबवा. त्याला वाळू चिकटते आणि तिचा काचकागद होतो. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिनेचं ग्रीस आत बंद केलेलं असतं. बाहेरचं तेल फक्त रोलरला आणि रबर सुकू नये म्हणून. पेट्रोल आणि तारेचा ब्रश त्या रबराचे वैरी, प्रेशरचं पाणीही. घासलेट चालतं. समुद्रावरून आलेली गाडी मात्र गोड्या पाण्यानं, साध्या पाइपनं त्याच संध्याकाळी धुवायला सांगा.

आणि एक दृश्य प्रत्येक गॅरेजात दिसतं: गाडी जॅकवर, इंजिन चालू, मागची चाकं फिरताहेत आणि शिकाऊ पोरगा चिंधीनं चेन पुसतोय. चिंधी दातात गेली की मागोमाग बोट जातं. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हातानं फिरवायचं. पोराला हे सांगितलं नसेल तर दोष गॅरेजमालकाचा.

मालक चेन-सॉकेटच्या किटच्या किमतीवर कुरकुरणारच. मोजमाप त्याच्यासमोर घ्या आणि आकडा बिलावर लिहा. तरीही त्याला कडीच काढून हवी असेल, तर काम नाकारा. भर सीझनमध्ये चेन तुटून केसिंग फुटलं तर तो तुमच्याच दारात उभा राहणार आहे. नवी चेन टाकल्यावर पहिली फेरी स्वतः मारा, परत ढील मोजा, आणि तेवढ्या वेळाची मजुरी बिलात धरा.