चिप प्रोग्रामर घेण्याआधी अमानत ओळखा

दहावी-बारावी करून दुरुस्तीच्या धंद्यात शिरलेली मुले आज नारपोलीत गल्लोगल्ली दिसतात. मोबाइल, एलईडी टीव्ही, लूमवरचे कंट्रोल बोर्ड, जे येईल ते उघडतात. लूमच्या खडखडाटात उमर घालवण्यापेक्षा हा हुन्नर बरा, असे आईवडिलांनाही आता वाटते. मलाही वाटते. पण यंत्र घेताना ही मुले एकच प्रश्न विचारतात: सर्वांत स्वस्त कोणते? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा.

पहिला प्रश्न असा, की आपल्याकडे कोणत्या चिप येतात? टीव्हीच्या किंवा राउटरच्या बोर्डावर २४ आणि २५ मालिकेतल्या मेमरी चिप असतात. त्यांच्यासाठी सीएच३४१ए हा काही शे रुपयांचा प्रोग्रामर पुरतो. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या त्याच्या काळ्या बोर्डात एक मोठा दोष आहे. चिप ३.३ व्होल्टची असली तरी तो सिग्नल ५ व्होल्टने पाठवतो. बऱ्याच चिप ते सोसतात, काही मरतात. नव्या लॅपटॉपमधल्या १.८ व्होल्टच्या चिपला तर अ‍ॅडॉप्टरशिवाय हात लावूच नये.

मायक्रोकंट्रोलरची गोष्ट वेगळी. एव्हीआरला यूएसबीएएसपी, एसटीएम३२ला एसटी-लिंक, पिकला पिककिट, असे ज्याचे त्याचे साधन आहे. बरेच प्रकार एकाच यंत्रात हवे असतील तर टी४८सारखा ४८ पायांच्या सॉकेटचा प्रोग्रामर येतो. त्याच्या यादीत हजारो चिप आहेत, पण त्या आकड्याला भुलू नका. आपल्याकडे महिनाभरात आलेल्या चिपचे नंबर वहीत लिहा आणि तेवढेच यादीत शोधा.

आता अमानतीचे. ग्राहकाचा बोर्ड आपल्याकडे येतो तेव्हा त्या चिपमधला डेटाही आपल्या हवाली होतो. म्हणून आधी चिप दोनदा वाचावी, दोन्ही फाइली जुळवून पाहाव्यात, जपून ठेवाव्यात आणि मगच लिहावे. लिहिल्यावर पुन्हा तपासावे. बोर्डावरच क्लिप लावून वाचताना फाइली जुळल्या नाहीत तर चिप काढून सॉकेटमध्ये वाचावी. मायक्रोकंट्रोलरला लॉक असेल तर आतला प्रोग्राम वाचता येत नाही. एव्हीआर किंवा ८९एस५२मध्ये ‘इरेज’ दाबले की लॉक जाते खरे, पण त्यासोबत प्रोग्रामही जातो. एखाद्या जुन्या मशिनची ती एकुलती एक प्रत असेल, तर कारखानदाराचे मशिन बंद आणि मजुराची रोजी बंद.

हेच हात मोबाइलचा आयएमईआय बदलायलाही वळवता येतात. पाचशे रुपये जास्त देणारा भेटतोच. हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्या कमाईत बरकत नाही, आणि पोलीस दारात आले की बदनामी एका मुलाची होत नाही, सगळ्या मोहल्ल्याची होते.

काही जण म्हणतील, गरीब मुलाने महाग यंत्र आणायचे कुठून? खरे आहे. मग तीन-चार दुकानांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे. लूमचे सुटे भाग एकमेकांना उसने देणाऱ्या भिवंडीला हे अवघड नाही. आणि आम्ही शिक्षकांनी एवढे तरी करावे: इंग्रजी माहितीपत्रकातले व्होल्टेज, वाचन, पडताळणीचे नियम मराठीत आणि उर्दूत एका पानावर लिहून प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावावेत. मुलाला यंत्र देणे सोपे आहे. ते कधी वापरू नये, हे समजावून देणे आपले काम आहे.