शब्द ओळखीचा वाटला तरी एकदा विचारा

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात सकाळच्या ओपीडीच्या रांगेत पाच-सहा भाषा एकामागे एक उभ्या असतात. झरी-जामणी, मारेगावकडची कोलामी आणि गोंडी, दिग्रस-पुसदच्या तांड्यांवरची गोरबोली, पाटणबोरीकडची तेलुगू, शहरातली उर्दू-हिंदी आणि या सगळ्यांत मिसळलेली आपली वऱ्हाडी. कामापुरतं मराठी बहुतेकांना येतं. म्हणूनच आपण धरून चालतो की समोरच्याला कळलं. शब्द मोठा असला तर माणूस अडतो आणि विचारतो; 'हिमोग्लोबिन म्हणजे काय हो?' असं विचारायला कोणी लाजत नाही. घात होतो तो दोन अक्षरांच्या, रोजच्या वाटणाऱ्या शब्दांनी.

कोलामीत डोळ्याला 'कन' म्हणतात. आता पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, गेलेल्या एखाद्या नव्या नर्सबाईनं म्हाताऱ्या आजीला विचारलं, "कान दुखते का?" आजीनं मान हलवली. ही मान कानासाठी हलली की डोळ्यासाठी, हे बाईंना कळायला काहीच मार्ग नाही. गोंडीत 'काल' म्हणजे पाय. 'पाल' म्हणजे दूध, कोलामीतही आणि गोंडीतही. तेलुगूत त्याचंच 'पालु' होतं. आणि कोलामीत 'पाल' आखूड करून 'पल' म्हटलं की दात! हे शब्द द्रविड कुळातले, फार जुने. चेन्नईहून आलेल्या माणसाला ते चटकन ओळखू येतील, पण पांढरकवड्याला पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेल्या मराठी माणसाला येत नाहीत. हे आपलं दुर्लक्षच, दुसरं काय.

शाळेच्या भिंतीवर 'पाल' लिहून शेजारी भिंतीवरच्या पालीचं चित्र काढलेलं असेल, तर पोडावरचं पहिलीतलं लेकरू दूध आणि पाल यांचा मेळ घालत बसतं. त्याला मठ्ठ म्हणण्याआधी गुरुजींनी त्याच्या आईला चार शब्द विचारून घ्यावेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांनी आपलं मराठी शिकावं असं आपण सहज म्हणतो. पण ज्याच्या हातात स्टेथोस्कोप, खडू किंवा शिक्का आहे, त्यानं त्यांचे पंधरा-वीस शब्द शिकणं अधिक सोपं आणि अधिक न्यायाचं आहे. आशाताईंनी डोळा, कान, दात, पाय, पाणी, दूध एवढे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तरी पुष्कळ झालं. आणि शब्दावर न थांबता बोटानं दाखवायला सांगावं. "कुठं दुखते, हात लावून दाखव." हे वाक्य सगळ्या भाषांत चालतं.

हिंदीशी तर आपला घरोबा इतका की तिथं फसतोय हे लक्षातच येत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर कोणी हिंदीत 'खाली पेट' लिहून दिलं, तर ते उपाशीपोटी घ्यायचं असतं. मराठीत 'खाली' म्हणजे तळाकडे आणि 'पेट' घेते ती आग. नुसतं मराठी वाचणाऱ्यानं यातून काय अर्थ काढावा? त्याहून वाईट 'कल'. हिंदीत कालही 'कल' आणि उद्याही 'कल'. 'कल से गोली चालू' म्हणजे उद्यापासून. पण मराठी कानाला 'कल' म्हटलं की 'काल'च ऐकू येतं, आणि माणूस विचारात पडतो की काल तर आपल्याला कोणी गोळी दिलीच नाही. हिंदीला हसण्याचं कारण नाही. आपला 'परवा' तरी कुठं सरळ आहे? 'परवापासून' म्हणजे होऊन गेलेला परवा की यायचा, हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही. म्हणून दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये वार आणि तारीख बोला. "मंगळवारी, 14 तारखेला या" यात गोंधळ होत नाही.

जुलाबाचंही असंच. मराठीत जुलाब म्हणजे पातळ परसाकडे. हिंदी-उर्दूत जुलाब म्हणजे पोट साफ करणारं औषध. आपल्यातही 'जुलाबाची गोळी' थांबवायची की व्हायची, हे दुकानदारानं चेहऱ्यावरून ओळखायचं. पूर्ण वाक्य बोला: "जुलाब थांबायची गोळी द्या." हिंदीत पातळ परसाकडेला 'दस्त' म्हणतात आणि आपण त्याच नावानं खरेदीखत नोंदवतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत 'दस्त नोंदणी' ही पाटी वाचून हिंदी मुलखातून आलेला माणूस बिचकला, तर त्याचा दोष नाही. आणि वऱ्हाडातली माय "पोट्टीले बरं नाही" म्हणाली, तर मुंबईहून नव्यानं आलेल्या डॉक्टरनं ते मुलीबद्दल आहे हे ध्यानात घ्यावं, लगेच शौचाचा नमुना मागू नये.

तांड्यावर 'बाटी' म्हणजे रोजची भाकर-पोळी. आपली वरण-बट्टीतली बट्टी वेगळी, तुपात बुडवलेली. साखरेच्या पेशंटला 'बाटी बंद' सांगून पाठवलं, तर तो बिचारा काय खाणार?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. कपाशीवर मारतो तेही 'औषध' आणि लेकराला चमच्यानं पाजतो तेही 'औषध'. तेलुगूत 'मंदु' म्हणजे दवा, फवारणीचं रसायन, आणि वर दारूसुद्धा. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे मजुरीला जाणाऱ्या माणसाला कोणी "तो मंदु आण" म्हटलं, तर त्यानं कोणती बाटली उचलावी?

2017च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ते शब्दामुळं झालं असं मी म्हणणार नाही. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दोन-तीन रसायनांची मिसळ, तोंडाला नुसता दुपट्टा, अशी बरीच कारणं होती. पण ज्याला आपण दिवसभर औषध म्हणतो, त्याची भीती कशी वाटणार? औषधानं तर बरं वाटतं. घरात त्याला विष म्हणा. कृषी केंद्रात "बोंडअळीचं विष द्या" म्हणायला पहिल्यांदा जीभ अडेल, दुकानदारही हसेल. हसू द्या. निदान घरातलं पोर ती बाटली फडताळात खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवणार नाही.

लेबलवरची भाषा येत नसली तरी एक गोष्ट कोणालाही वाचता येते. प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल सर्वांत जहाल, त्यावर कवटी आणि हाडंही असतात. त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हा हिरवा सिग्नलचा हिरवा समजू नका. त्याचा अर्थ एवढाच की बाकी तिघांपेक्षा विष कमी आहे. मजुराच्या हातात पंप देण्याआधी मालकानं तो रंग बोटानं दाखवावा, मजूर कोलाम असो, बंजारा असो की आदिलाबादकडचा.

आणि फवारताना कोणाला गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काम तिथंच थांबवा. अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुवा आणि 108ला फोन लावा. दवाखान्यात "औषध लागलं" एवढं सांगून भागत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. बाकीच्या अनेक विषांवर त्याचा उपयोग नसतो. नावं एकमेकांसारखी असतात, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ती धड निघत नाहीत. म्हणून रिकामा का होईना, तो डबा झाकण लावून पिशवीत घाला आणि पेशंटबरोबर पाठवा. मिसळ केली असेल तर जेवढे डबे, तेवढे सगळे.