कोल ब्लॉकच्या नकाशात नसलेले पाणी

विरार पूर्वेतील मनवेलपाडा आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुका यांच्यामध्ये जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राची रुंदी असली, तरी दोन्हींना जोडणारी एक तार खरोखरच अस्तित्वात आहे. चंद्रपूरची वीज भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत आणणारी उच्चदाब एकदिश वाहिनी, म्हणजे लांब अंतरावर गळती कमी राहावी म्हणून एकाच दिशेचा प्रवाह वाहून नेणारी वाहिनी, सुमारे 750 किलोमीटर लांब असून ती 1999 मध्ये कार्यान्वित झाली. पुढे ती वीज राज्याच्या सामाईक जाळ्यात मिसळते, त्यामुळे मनवेलपाड्यातील कोणता दिवा कोणत्या खाणीच्या कोळशावर उजळतो हे कोणालाही सांगता येणार नाही. मात्र विदर्भातील खाणींचा प्रश्न ‘तिकडचा’ म्हणून बाजूला सारण्याचा हक्क किनारपट्टीच्या शहरांना त्यामुळे उरत नाही.

ताडोबाच्या सीमेलगतच्या लोहारा येथील खाणीचा प्रस्ताव 2009 च्या सुमारास चंद्रपुरात झालेल्या विरोधानंतर बारगळला. त्याच काळात केंद्राच्या कोळसा व पर्यावरण मंत्रालयांनी मिळून वर्धा खोऱ्यासह नऊ कोळसाक्षेत्रांत खाणकामास योग्य आणि खाणकामास वर्ज्य असे भाग आखले होते, पण ती विभागणी पुढे गुंडाळण्यात आली आणि तिची उणीव 2020 मध्ये जाणवली. त्या वर्षी जूनमध्ये व्यापारी खाणकामासाठी जाहीर झालेल्या 41 कोल ब्लॉकच्या, म्हणजे लिलावासाठी सीमा आखून दिलेल्या कोळसाक्षेत्रांच्या, यादीत चिमूर तालुक्यातील ‘बंदर’चे नाव होते. ताडोबा-अंधारी आणि बोर या व्याघ्र प्रकल्पांमध्ये वाघांना ये-जा करता येईल असा जंगलाचा जो भ्रमणमार्ग शिल्लक आहे, त्यातच हे क्षेत्र येते. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून हरकत घेतली आणि बंदर यादीतून वगळले गेले. हा निर्णय स्वागतार्हच होता. परंतु लिलावाच्या यादीतून नाव काढणे म्हणजे संरक्षण देणे नव्हे, कारण यादी नव्याने करता येते.

या वादात वाघाचे नाव वारंवार आले, ते स्वाभाविकही आहे. पाण्याचे मात्र फारसे आले नाही. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने उभारलेले आणि मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत संपुष्टात आल्यावर, 1951 नंतर, सरकारजमा झालेले हजारो तलाव आहेत, ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात. उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ, पाणी सोडण्यासाठी तुडूम, खाली धानाची बांधी, आणि तलावात ढिवर समाजाची मासेमारी, अशी ही एकमेकांत गुंतलेली रचना आहे. उथळ काठावरच्या पाणवनस्पतींत अडई, काणूक आणि कमळपक्षी राहतात, तर गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस क्रौंच अशाच तलावांत आणि लगतच्या धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून अंडी घालतो. अशा तलावांजवळ निघणाऱ्या खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक आधी काढून बाजूला रचले जातात. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की तो कोरडा ठेवण्यासाठी सतत उपसा करावा लागतो आणि आसपासच्या विहिरींचे पाणी खाली जाऊ लागते. शिवाय कोळशातील गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी लागले की आम्लधर्मी पाणी झिरपते. तलावाला धक्का न लावताही तलाव मरू शकतो, तो असा. खाणीची सीमा कागदावर असते, उपशाचा परिणाम त्या रेषेपाशी थांबत नाही.

कायद्याकडे वळावे तर तेथे वेगळीच पंचाईत आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्राने 2017 मध्ये केलेल्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले तलाव आणि मिठागरे, दोन्ही वगळलेली आहेत. मामा तलाव माणसाने बांधला म्हणून तो पाणथळ नाही, आणि विरारशेजारच्या वसईचे मिठागर मिठासाठी आखले म्हणून तेही नाही. बोटभर पाण्यात चोच घालून किडे टिपणाऱ्या शेकाट्याला हा भेद कोणी समजावून सांगितलेला नाही. जुलै 2018 च्या पावसात वसईच्या मिठागरात शेकडो माणसे अडकली आणि विरारची रेल्वे बंद पडली, तेव्हा भराव घातलेल्या सखल जमिनी पूर्वी काय काम करीत होत्या याची आठवण काही दिवस झाली होती. चंद्रपूरकरांची इरई नदीबद्दलची तक्रार याहून फार निराळी नाही: तेथे काठावर रचलेले खाणमातीचे ढिगारे पुराला जागा ठेवत नाहीत.

पाणथळ नियमांतील या वगळणुकीची दुरुस्ती केंद्राकडे मागायलाच हवी, पण तोवर राज्याचे हात बांधलेले नाहीत. नागभीडजवळचा घोडाझरी हासुद्धा सिंचनाचाच तलाव आहे, तरीही त्याच्या परिसराला 2018 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 36-अ नुसार संरक्षित क्षेत्रांना जोडणारी सरकारी जमीन स्थानिकांशी विचारविनिमय करून ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करता येते आणि त्यासाठी लोकांचे हक्क हिरावून घ्यावे लागत नाहीत. बंदर आणि भोवतालच्या तलावांसाठी हा मार्ग आधी तपासावा. लिलावाची पुढची यादी निघाल्यावर पत्रे लिहीत बसण्यापेक्षा ते सोपे आहे आणि स्वस्तही.