जिन्यातील जुनी तार

हिंगोलीतील ज्या इमारतीत मी राहतो, तिचे मजले तीन आणि बिऱ्हाडे बारा. गेल्या श्रावणात वरच्या मजल्यावरील एका बिऱ्हाडाच्या भिंतीला ओल आली. गवंडी आला, त्याने गच्चीवर पाणी साठवून पाहिले, गिलावा खरवडला, आणि अखेरीस असे निष्पन्न झाले की पाणी गच्चीतून नव्हे, तर इंटरनेटच्या केबलवरून आत येत होते. खांबावरून आलेली ती काळी केबल भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वळवायला हवी होती, म्हणजे पाणी त्या झोळावरूनच ठिबकून गेले असते; ती सरळ भोकात खुपसल्यामुळे पावसाची धार तिच्या अंगावरून थेट भिंतीत उतरत होती. त्या एका भिंतीला अशी सात भोके आम्ही मोजली. आणि त्याच भिंतीच्या आतून, इमारत बांधतानाच घातलेल्या नळीतून, प्रत्येक बिऱ्हाडापर्यंत टेलिफोनची तार पोचलेली होती, जिला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नव्हता.

जुन्या इमारतीत इंटरनेट द्यावयाचे तर जुन्या तारा मृत समजून प्रत्येक बिऱ्हाडापर्यंत नवा प्रकाशतंतू, म्हणजेच फायबर, ओढला पाहिजे, असे मत आज सर्वत्र रूढ आहे. ते मला मान्य नाही; परंतु ज्या आधारांवर ते उभे आहे, ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत, म्हणून एकेकाचा परामर्श घेतो.

पहिला आक्षेप असा की, तांब्याच्या तारेची गती आपण भोगून पाहिली आहे. पुन्हा त्या वाटेला कशाला जायचे? अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेले अनुमान खरे नाही. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला 256 किलोबिट एवढ्या गतीला ब्रॉडबँड म्हटले होते, आणि त्या काळी ती सेवा दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंत कित्येक किलोमीटर लांबीच्या तारेवरून येत असे. तांब्यातून जाणारा संकेत लांबीबरोबर क्षीण होत जातो, आणि त्याची कंप्रता जितकी उच्च तितका तो अधिक त्वरेने क्षीण होतो. त्यामुळे जी एडीएसएल-2+ पद्धती केंद्राच्या निकट 24 मेगाबिटांपर्यंत जाऊ शकते, तिची पाच किलोमीटरांवर अगदी दैना होते. दोष धातूचा नव्हता, अंतराचा होता. तेच अंतर जिन्याच्या उंचीएवढे उरले, तर त्याच तारेवर व्हीडीएसएल-2 पद्धती शंभर मेगाबिटांच्या घरात जाते, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2014 साली संमत केलेली जी.फास्ट पद्धती शंभर मीटरांच्या आत त्याहूनही कित्येक पट गती देते. जपान आणि दक्षिण कोरिया यांनी आपल्या दाट वस्तीच्या निवासी इमारतींत नेमका हाच मार्ग धरला: तळापर्यंत प्रकाशतंतू आणि तेथून वर टेलिफोनची जुनी तार.

दुसरा आक्षेप असा की, काळाबरोबर जुने मोडून नवे घालावेच लागते. आपल्या पूर्णा-अकोला मार्गावरील मीटरगेज उखडून ब्रॉडगेज घातलाच ना? दृष्टान्त चांगला आहे, परंतु तो माझ्याच पक्षाला साह्य करतो. रूळ बदलले, पण हिंगोलीचे स्थानक हिंगोलीहून हलले नाही, आणि गाडी आजही मुख्यतः त्याच वाटेने धावते. जेथे खरोखर अडचण होती तेवढेच बदलावे आणि जे कामाचे आहे ते राखावे, हीच सुधारणेची रीत होय. आपल्या बाबतीत अडचण केंद्रापासून इमारतीपर्यंतच्या लांब तारेची आहे. ती अवश्य काढावी. तसे केल्याने आणखी एक लाभ होतो. वळिवाच्या दिवसांत मराठवाड्यात विजा कोसळतात आणि खांबांवरून आलेल्या तांब्याच्या तारेवाटे त्यांचा तडाखा घरातील यंत्रांपर्यंत पोचतो. बाहेरचा टप्पा काचेच्या तंतूचा झाला की त्या मार्गाने येणारा धोका टळतो.

तिसरा आक्षेप, मोबाइल असताना तारच कशाला? वसमतच्या ज्या व्यापाऱ्याला हळदीचा दिवसाचा भाव पाहावयाचा आहे, त्याला मोबाइल पुरेल, यात शंका नाही. परंतु मनोऱ्याची क्षमता त्या परिसरातील सर्वांत वाटली जाते, आणि संध्याकाळी, जेव्हा घरातील दोन मुले एकाच वेळी चित्रफितीवरून अभ्यासाला बसतात, तेव्हा शेजारच्या सगळ्या घरांतही तेच चाललेले असते. ज्याला रोज आणि तासन्तास काम आहे, त्याला तारच हवी.

आता माझ्याच बाजूने बोलणाऱ्या काहींची अतिशयोक्तीही खोडली पाहिजे. विजेच्या वायरिंगवरून इंटरनेट नेले की काहीच करावयास नको, असे ते म्हणतात. ती तार संकेतासाठी केलेली नाही. मिक्सर, पंप, इन्व्हर्टर या सर्वांचा गोंगाट तिच्यावर उतरतो, आणि दोन बिऱ्हाडे निरनिराळ्या फेजवर असली की गती निम्म्याहून खाली येण्याचा संभव असतो. ती एका घरातल्या एका खोलीपुरती सोय आहे, इमारतीची व्यवस्था नव्हे. तसेच जेथे टेलिफोनची तार गंजली आहे, तेथे केबल टीव्हीची जाड तार तपासावी; दोन्ही निकामी असतील, तर त्याच नळीतून प्रकाशतंतू घालावा, त्यात हट्ट नसावा. नव्या इमारतींत तर नळ्या आणि तंतू आरंभापासूनच हवेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2024 साली इमारतींना डिजिटल जोडणीवरून गुणांकन देण्याचे जे नियम केले, त्यांचा रोख तोच आहे.

तात्पर्य, माझे मंडन एवढेच आहे: प्रकाशतंतू जिन्याच्या पायथ्याशी यावा, तेथून वरची तार सर्वांच्या मालकीची असावी, आणि पुरवठादार कोण असावा हे ज्याचे त्याने ठरवावे. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, 1970 याने जिना, टाक्या, पंप आणि विजेसारख्या मध्यवर्ती सेवांची व्यवस्था सामाईक मानली आहे; इंटरनेटची तार याच न्यायाने सामाईक समजावी. पाण्याची टाकी एकेका बिऱ्हाडाने आपापली स्वतंत्र बांधावी असे आपण म्हणत नाही. मग प्रत्येकाने भिंतीला वेगळे भोक का पाडावे? वीज गेली तर काय, या रास्त प्रश्नाचे उत्तरही जिन्यातच आहे: जो इन्व्हर्टर जिन्यातला दिवा जळता ठेवतो, तोच पायथ्याच्या यंत्रालाही पुरेल, घरातले लहान यंत्र ज्याने त्याने आपल्या इन्व्हर्टरवर घ्यावे.

हे केवळ कागदावरचे बोलणे राहू नये म्हणून दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही तळमजल्यावरचा टेलिफोनचा डबा उघडला. आत पालीची अंडी होती, कोळिष्टके होती, आणि त्यांखाली पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी अशा जोड्या पीळ घातलेल्या स्थितीत जशाच्या तशा होत्या. दोन तारांना पीळ घालून बाहेरचा गोंगाट मारण्याची ही युक्ती ग्रॅहॅम बेलची, 1881 सालची. ती आमच्या जिन्यात निमूटपणे वाट पाहत होती. वायरमनने मल्टिमीटर लावून बारा जोड्या तपासल्या. दहा शाबूत निघाल्या, दोन जोडांवर हिरवा गंज होता, तो खरवडून ते पुन्हा बांधले. मग पायथ्याशी एक आणि तिसऱ्या मजल्यावर एक अशी व्हीडीएसएलची दोन यंत्रे लावली. सुमारे पस्तीस मीटरांच्या त्या तारेवर गती ऐंशी ते नव्वद मेगाबिटांच्या दरम्यान भरली. शासनाच्या आजच्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँडला 2 मेगाबिट पुरतात.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी दोनच ठराव मांडणार आहे. नळीतील तार सामाईक मालमत्ता म्हणून दप्तरी नोंदवावी; आणि भिंतीतील सातही भोके बुजवून, आठवे पाडावयाचे असल्यास आधी सर्वांची लेखी संमती घ्यावी.